बेन्स आत, बाँड्स बाहेर: बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमवर खरा हक्क कुणाचा?

मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या ऑफिसात दर जानेवारीला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमवरून जुंपते आणि क्रिकेटवर वाढलेल्या त्यांना त्यातला न्याय काही कळत नाही. सर्वाधिक होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारणारा बॅरी बाँड्स बाहेर, सर्वाधिक हिट्स (बेसवर पोचवणारे फटके) मिळवणारा पीट रोज बाहेर, सात वेळा साय यंग पुरस्कार घेतलेला पिचर, म्हणजे गोलंदाज, रॉजर क्लेमेन्सही बाहेर. आणि हॅरॉल्ड बेन्स मात्र आत. मग निवृत्त खेळाडूंपैकी खरोखर लायक कोण, हे ठरवायचं कसं?

मी मतदार नाही. खालच्या लीगमधल्या सामन्यांत अधिकृत स्कोअररच्या खुर्चीत मी बरीच वर्षं बसलोय. फलंदाज पळून बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्यामुळे की क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे, हे ठरवणारा माणूस तो मी. त्यामुळे आकड्यांवर माझा विश्वास आहे, पण ते कसे जन्माला येतात हेही पाहिलंय.

माझं मत आधीच सांगतो. उत्तेजकांच्या संशयात अडकलेले बाँड्स आणि क्लेमेन्स आत हवेत. पैजांमुळे बंदी आलेला रोज नको. बेन्सची निवड व्हायला नको होती. आणि तुमच्याच डेट्रॉइटचा लू व्हिटेकर बाहेर आहे, हा या सगळ्यांतला सगळ्यात मोठा अन्याय. ऑफिसात त्याचं नाव कुणी काढत नसेल तर तुम्ही काढा.

आधी यंत्रणा समजून घ्या, कारण निम्मे वाद तिथेच मिटतात. कूपर्सटाउन हे न्यूयॉर्क राज्यातलं छोटंसं गाव. तिथल्या संग्रहालयात ब्राँझचे फलक लावलेलं दालन आहे. फलक लागला की खेळाडू 'आत' गेला. तिथे जायच्या वाटा दोन. पहिली पत्रकारांची. बेसबॉल रायटर्स असोसिएशनचे सलग दहा वर्षं सदस्य राहिलेले पत्रकार मत देतात. खेळाडू मेजर लीगमध्ये किमान दहा हंगाम खेळलेला हवा आणि निवृत्तीला पाच वर्षं उलटलेली हवीत. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं. ७५ टक्के मतं पडली की आत. ५ टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कायमचं यादीतून बाद. दोन्हींच्या मधे राहिलं तर दहा वर्षं संधी. ही मुदत आधी पंधरा वर्षं होती, २०१४ मध्ये कमी केली.

दुसरी वाट समितीची. पत्रकारांनी ज्यांना घेतलं नाही त्यांच्यापैकी आठ जणांची यादी सोळा जणांच्या समितीपुढे येते. समितीत हॉलमधले जुने खेळाडू, क्लबांचे अधिकारी आणि काही पत्रकार-इतिहासकार असतात. निवडीला सोळांपैकी बारा मतं लागतात आणि प्रत्येक सदस्याला तीनच नावं निवडता येतात. हिशोब करा: एकूण मतं ४८, एकेकाला हवीत बारा. सगळं जुळून आलं तरी चारच्या वर कुणी जाऊच शकत नाही, आणि मतं फुटली तर कुणीच जात नाही. समितीने अमक्याला 'नाकारलं' अशी बातमी येते तेव्हा बऱ्याचदा झालेलं असतं ते इतकंच, की तिघांत त्याचा नंबर लागला नाही.

आता ७५ टक्क्यांकडे बघा. ते बहुमत नाही, जवळजवळ एकमत आहे. बाँड्सला २०२२ मध्ये, त्याच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ६६ टक्के मतं होती आणि क्लेमेन्सला ६५.२. म्हणजे तीनांतले दोघे 'हो' म्हणाले. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष याच्या कितीतरी खाली निवडून येतात. म्हणून 'पत्रकारांनी बाँड्सला झिडकारलं' हे वाक्य मला पटत नाही. एक तृतीयांश अडून बसले, एवढंच खरं.

शिवाय हे मतदार पहिल्यापासूनच कंजूष. १९३६ च्या पहिल्या निवडणुकीत २२६ पैकी ११ जणांनी बेब रूथचं नाव लिहिलं नाही. ५११ सामने जिंकणारा साय यंग, ज्याच्या नावाने आज पिचरचा सर्वोच्च पुरस्कार देतात, त्या वर्षी निम्म्यापर्यंतही पोचला नाही. तो पुढच्या वर्षी जेमतेम आत गेला. १९७९ मध्ये विली मेजला २३ जणांनी वगळलं, १९८२ मध्ये हँक आरनला नऊ जणांनी. एकमताने निवडलेला पहिला खेळाडू २०१९ मधला मारियानो रिव्हेरा, आणि आजवरचा तो एकमेव. २०२५ मध्ये इचिरो सुझुकीचं एकमत एका मतामुळे हुकलं. मेजच्या नावापुढे खूण न करणाऱ्या त्या २३ जणांच्या डोक्यात काय होतं, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

बेन्सकडे येतो. तो बरा फलंदाज होता, यात वाद नाही. २२ हंगाम, २,८६६ हिट्स, ३८४ होम रन. पण कारकिर्दीचा मोठा भाग तो फक्त बॅटिंग करणारा, म्हणजे डेझिग्नेटेड हिटर होता. गुडघे गेल्यामुळे क्षेत्ररक्षण जवळजवळ संपलेलं. पत्रकारांकडून त्याला कधीही ६.१ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली नाहीत. मग डिसेंबर २०१८ मध्ये समितीने त्याला बरोबर बारा मतांनी आत घेतलं. त्या समितीत त्याचे एकेकाळचे मॅनेजर टोनी ला रुसा होते, आणि त्याच्या जुन्या संघाचे, शिकागो व्हाइट सॉक्सचे, मालक जेरी राइन्सडॉर्फही. कुणी काही गैर केलं असं मी म्हणत नाही. पण वराकडचेच लोक पंच म्हणून बसवले की निकाल कसा लागतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. असं घडण्याची ती पहिली वेळही नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या खेळाडूंच्या समितीवर फ्रँकी फ्रिशचा प्रभाव होता, आणि त्याचे जायंट्स नि कार्डिनल्समधले जुने सहकारी एकामागून एक आत गेले. जेसी हेन्स, चिक हेफी, जॉर्ज केली. आज त्यांचे फलक पाहून लोक विचारतात, हे कोण?

आणि इथेच ऑफिसातल्या वादात सर्वाधिक ऐकू येणारा युक्तिवाद येतो: 'बेन्स आत आहे ना, मग अमका का नको?' हा युक्तिवाद मी पहिल्या फटक्याला बाद करतो. बेन्सपेक्षा चांगले खेळाडू शेकड्याने बाहेर आहेत. त्या सगळ्यांना घेतलं तर दालन पुरणार नाही, आणि त्यांच्यातला सगळ्यात खालचा पुढच्यासाठी नवा बेन्स होईल. तुलना करायची तर हॉलमधल्या त्याच जागेवर खेळणाऱ्या मधल्या खेळाडूशी करा. सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) असेल तर आत गेलेल्या सेकंड बेसमनांच्या मधोमध हा कुठे बसतो? तिथे किंवा त्याच्या वर असेल तर आत. थोडा खाली असेल तर बाकीच्या गोष्टी बघाव्या. तळाशी असेल तर विषय संपला.

मधला खेळाडू ठरवायचा कसा, तर आज बहुतेक लोक 'वॉर' या आकड्यापासून सुरुवात करतात. कल्पना सोपी आहे. एखाद्या खेळाडूऐवजी खालच्या लीगमधून किमान पगारावर केव्हाही बोलावता येईल असा माणूस खेळवला असता, तर संघाने किती सामने कमी जिंकले असते? बॅटिंग, पळणं, क्षेत्ररक्षण, क्षेत्ररक्षणाची जागा किती अवघड, मैदानाचा स्वभाव, सगळं धावांत मोजायचं आणि साधारण दहा धावांचा एक विजय धरायचा. जे जॅफी नावाच्या लेखकाने यावर 'जॉज' ही पद्धत बसवली: संपूर्ण कारकिर्दीचा वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचा वॉर, यांची सरासरी. म्हणजे नुसता रेंगाळत आकडे गोळा करणाराही पुढे जात नाही, आणि चार वर्षं तळपून विझणाराही.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे जड जातं, कारण आपण सरासरी बघून मोकळे होतो. इथे मैदानानेच आकडे फुगतात. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि पिचरचा कर्व्ह नीट वळत नाही. तिथल्या लॅरी वॉकरला २०१४ मध्ये १०.२ टक्के मतं पडली, कारण मतदार म्हणत होते, 'हे सगळं हवेचं देणं.' मग लोकांनी मैदानाचा फायदा वजा करून बघितला, त्याचं क्षेत्ररक्षण आणि बेसवरचं पळणं मोजलं, आणि २०२० मध्ये, शेवटच्या वर्षी, तो ७६.६ टक्क्यांनी आत गेला. वॉकरने त्या सहा वर्षांत एकही चेंडू मारलेला नव्हता. बदलली होती ती बघणाऱ्यांची नजर. थोडा वाटा मतदार बदलल्याचाही आहे: प्रत्यक्ष वार्तांकन सोडून बराच काळ झालेल्या जुन्या सदस्यांची नावं कमी केल्यावर २०१५ ला ५४९ असलेल्या मतपत्रिका २०१६ ला ४४० वर आल्या.

क्षेत्ररक्षणाबद्दल माझ्या खुर्चीतून दिसलेली एक गोष्ट सांगतो. चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) ग्लोव्हला लागून सुटला तर मी 'एरर' लिहितो, अट एवढीच की साधारण प्रयत्नात तो अडवता आला असता. पण जो मंद असल्यामुळे चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्याला मी एरर देऊ शकत नाही. तो फलंदाजाचा हिट होतो. म्हणजे चपळ माणूस लांबचा चेंडू गाठतो, हात लावतो, कधी सोडतो आणि नोंदीत दोषी ठरतो. आळशी माणूस निर्दोष. कित्येक दशकं क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार याच अचूकतेच्या टक्केवारीच्या आणि नावाच्या जोरावर वाटले गेले. डेरेक जीटर आत आहे आणि असायलाच हवा, पण तो त्याच्या बॅटमुळे. त्याच्या पाच गोल्ड ग्लोव्हजबद्दल आम्हा स्कोअररांत हसत हसत बोललं जातं.

अर्थात वॉरही अंदाजच आहे. विशेषतः जुन्या काळातल्या क्षेत्ररक्षणाचा हिशोब तर ढोबळच. दोघांत तीन-चारचा फरक असेल तर मी तो फरक मानतच नाही. तीसचा असेल तर मानतो.

आणि इथे व्हिटेकर येतो. लू व्हिटेकर १९७७ ते १९९५ डेट्रॉइट टायगर्सकडून सेकंड बेसवर खेळला. शॉर्टस्टॉप ॲलन ट्रॅमेल आणि तो ९ सप्टेंबर १९७७ ला बॉस्टनमध्ये एकाच सामन्यात पहिल्यांदा उतरले, आणि पुढे १,९१८ सामने एकत्र खेळले. अमेरिकन लीगमधल्या जोडीचा तो विक्रम आहे. १९८४ ची वर्ल्ड सिरीज दोघांनी जिंकली. व्हिटेकरचे २,३६९ हिट्स, २४४ होम रन, तीन गोल्ड ग्लोव्हज आणि सुमारे ७५ वॉर. हॉलमधल्या सेकंड बेसमनांची सरासरी याच्या खाली आहे. बेन्सचा वॉर सुमारे ३९. म्हणजे तीसचा फरक म्हणालो, त्याहूनही जास्त. २००१ मध्ये पत्रकारांच्या यादीत तो पहिल्यांदा आला आणि त्याला मिळाली १५ मतं, २.९ टक्के. एका वर्षात नाव संपलं. ट्रॅमेल पंधरा वर्षं यादीत रेंगाळला, मग समितीने त्याला डिसेंबर २०१७ मध्ये आत घेतलं. फलक घेताना त्याने व्हिटेकरची आठवण काढावी आणि व्हिटेकर बाहेर असावा, याला काय म्हणायचं?

त्याच्याबद्दल विरोधकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. त्याचा एकही हंगाम असा नाही की लोक म्हणतील, 'ते वर्ष व्हिटेकरचं.' तो कधी एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला नाही, बॅटिंगचं विजेतेपद नाही. सर्वोत्तम सात हंगामांचा हिशोब घेतला तर तो हॉलमधल्या सरासरीच्या थोडा खाली बसतो. तो दर वर्षी चांगला होता, एकोणीस वर्षं, आणि मुलाखती द्यायला फारसा उत्सुक नसे. वाट बघत उभं राहून चार चुकीच्या चेंडूंवर फुकटचा बेस मिळवणं (वॉक), नीट डबल प्ले (एका चेंडूवर दोघांना बाद) करणं, या गोष्टींना २००१ मध्ये कुणी भाव देत नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये समितीत त्याला सोळांपैकी सहा मतं पडली. टायगर्सनी २०२२ मध्ये त्याचा एक नंबरचा जर्सी क्रमांक सन्मानाने निवृत्त केला, कूपर्सटाउन अजून गप्प आहे.

याउलट डिसेंबर २०२५ मध्ये समितीने जेफ केंटला सोळांपैकी चौदा मतांनी घेतलं. सेकंड बेसमन म्हणून खेळताना त्याने मारलेले ३५१ होम रन हा विक्रम आहे आणि २००० ची एमव्हीपी त्याच्याकडे. वॉर मात्र साधारण ५५, व्हिटेकरपेक्षा वीसने कमी. केंटला मी हाकलून देणार नाही; काठावरचा माणूस आहे, काठावरचे कधी आत पडतात, कधी बाहेर. पण जुने खेळाडू समितीत बसले की होम रन मोजतात आणि चालत मिळवलेला बेस विसरतात, हे त्यातून दिसतं. गंमत बघा: २००० मध्ये केंट आणि बाँड्स एकाच जायंट्स संघात होते, पुढे २००२ मध्ये डगआउटमध्ये कॅमेऱ्यासमोर त्यांची झटापट झाली, आणि या यादीत दोघेही होते. केंटला चौदा, बाँड्सला पाचसुद्धा नाहीत.

उत्तेजकांबद्दल माझी रेघ २००४ ची आहे. त्या वर्षापासून मेजर लीगमध्ये चाचणीत सापडलेल्याला शिक्षा सुरू झाली; २००३ ची चाचणी नाव न फोडता केवळ अंदाज घेण्यासाठी होती. त्यानंतर जो सापडला त्याने सगळ्यांनी मान्य केलेला, खेळाडूंच्या संघटनेने सह्या केलेला नियम मोडला. मॅनी रमिरेझ दोनदा सापडला. ॲलेक्स रॉड्रिग्ज चाचणीत नव्हे तर चौकशीत अडकला आणि २०१४ चा पूर्ण हंगाम निलंबित होता. ५५५ आणि ६९६ होम रन असूनही माझं मत दोघांना नाही.

त्याआधीचा काळ वेगळा होता. क्लब मालक, कमिशनर (लीगचे प्रमुख), संघटना, आणि हो, आज नाक मुरडणारे पत्रकारही, सगळ्यांना ड्रेसिंग रूममध्ये काय चाललंय याचा वास होता. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर ७० आणि सॅमी सोसा ६६ होम रन मारत होते तेव्हा तिकिटांच्या रांगा बघून सगळे खूश होते. त्या काळचे कमिशनर बड सीलिग २०१७ मध्ये हॉलमध्ये गेले. मॅग्वायरचे मॅनेजर ला रुसा २०१४ मध्येच. दुकान चालवणाऱ्यांना फलक आणि कामगारांना बंदी, हा न्याय मला कळत नाही. बऱ्याच मतदारांनाही कळला नसावा, कारण सीलिग यांची निवड झाल्याबरोबर बाँड्स आणि क्लेमेन्सची मतं निम्म्यापलीकडे गेली. तेव्हा जो मॉर्गनसारख्या हॉलमधल्या थोर खेळाडूने नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदारांना पत्र लिहिलं, उत्तेजकं घेणाऱ्यांना आत घेऊ नका म्हणून. त्या पत्रामागची तळमळ खरी होती. पण साठ-सत्तरच्या दशकांत ॲम्फेटामाइनच्या गोळ्या सर्रास चालत आणि ते खेळाडू आत आहेत. चेंडूला थुंकी-व्हॅसलीन लावणारा गेलॉर्ड पेरी आत आहे, आणि त्याने तर निवृत्तीच्या आधीच आत्मचरित्रात कबुली दिली होती.

बाँड्सच्या बाबतीत आणखी एक हिशोब आहे. त्याच्यावरचा संशय १९९९ च्या आसपास सुरू होतो. १९९८ संपताना त्याच्याकडे तीन एमव्हीपी आणि आठ गोल्ड ग्लोव्हज होते, आणि ४०० होम रन नि ४०० स्टोलन बेसेस (पळून चोरलेले बेस) असा जोड गाठणारा तो इतिहासातला पहिला खेळाडू ठरला होता. त्या दिवशी तो निवृत्त झाला असता तर पहिल्याच वर्षी आत गेला असता. सॅमी सोसाचं तसं नाही. त्याच्या कारकिर्दीतून ती चार-पाच वर्षं काढली तर उरतो तो एक बरा राइट फील्डर, म्हणून माझी मतपत्रिका त्याच्यापाशी थांबते. हे मनाला सोयीचं गणित आहे असं कुणी म्हणेल. असेलही.

पुढचा रस्ता मात्र बिकट आहे. नव्या नियमानुसार समितीत पाचपेक्षा कमी मतं मिळाली की पुढच्या फेरीत नाव येत नाही, आणि पुन्हा तसंच झालं की कायमचं बाद. म्हणजे बाँड्स आणि क्लेमेन्स २०२८ ला नाहीत. आले तर थेट २०३१ ला, आणि तेव्हाही पाच मतं पडली नाहीत तर ती शेवटची संधी.

रोजच्या बाबतीत ऑफिसातले लोक माझ्यावर चिडतील. ४,२५६ हिट्स, त्यापुढे कुणी नाही. १९८९ च्या ऑगस्टमध्ये कमिशनर बार्ट जियामाटी यांनी त्याच्यावर कायमची बंदी घातली, कारण मॅनेजर असताना तो स्वतःच्या सिनसिनाटी रेड्सच्या सामन्यांवर पैजा लावत होता. त्याने पंधरा वर्षं नाकारलं आणि २००४ मध्ये मान्य केलं. लोक म्हणतात, 'तो संघ जिंकेल यावरच पैसे लावायचा, त्यात काय बिघडलं?' बिघडतं ते असं: मॅनेजर ज्या दिवशी पैज लावत नाही, तो दिवसही बुकीला काहीतरी सांगतो. आज पैसे लावलेत म्हणून तो दमलेल्या रिलीफ (मागाहून येणाऱ्या) पिचरला आजच वापरून टाकेल आणि उद्याचा सामना गमावेल. पैजेविरुद्धचा नियम प्रत्येक क्लबहाउसच्या भिंतीवर लावलेला असतो. आमच्या खालच्या लीगच्या खोल्यांतही असतो. उत्तेजक घेणारा निदान जिंकायला खेळत असतो. पैजेमुळे सामनाच खोटा ठरू शकतो. मॅच फिक्सिंगचं २००० साल पाहिलेल्या भारतीय प्रेक्षकाला हे जास्त समजावं लागत नाही.

रोज सप्टेंबर २०२४ मध्ये गेला. मे २०२५ मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी ठरवलं की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते, आणि रोजबरोबर १९१९ च्या फिक्सिंगने गाजलेल्या वर्ल्ड सिरीजमधल्या 'शूलेस' जो जॅक्सनचाही रस्ता मोकळा झाला. दोघांची नावं डिसेंबर २०२७ मध्ये जुन्या काळाच्या समितीपुढे येऊ शकतात. जॅक्सनने त्या मालिकेत .३७५ ने बॅटिंग केली हे खरं, आणि पाच हजार डॉलर्स घेतले हेही खरं. मी दोघांनाही मत देणार नाही. त्यांच्या वस्तू संग्रहालयात आहेतच आणि असाव्यात. इतिहास लपवायचा नाही. फलक ही वेगळी गोष्ट आहे.

मतदारांच्या नियमांत सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हे शब्दही आहेत, त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. ते हवे तेव्हा काढायचे आणि हवे तेव्हा ठेवून द्यायचे शब्द झाले आहेत. ओमार व्हिस्केलची मतं २०२० मध्ये ५२ टक्क्यांवर होती, मग घरगुती हिंसाचाराचे आरोप आले आणि दोन वर्षांत ती २४ वर घसरली. कार्लोस बेल्ट्रानचं नाव ह्यूस्टन संघाच्या २०१७ च्या, प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणात अधिकृत अहवालात होतं. मतदारांनी त्याला तीन वर्षं थांबवून ठेवलं आणि २०२६ मध्ये अँड्रू जोन्सबरोबर आत घेतलं. तीन वर्षांची शिक्षा कुठल्या कलमात बसते? कुठल्याच नाही. पण निकाल मला ठीक वाटतो. जोन्सचाही. सलग दहा गोल्ड ग्लोव्हज आणि ४३४ होम रन असूनही २०१८ मध्ये त्याला फक्त ७.३ टक्के होते. तिशीनंतर तो कोसळला, हे लोकांच्या लक्षात राहिलं आणि त्याआधीची सेंटर फील्डमधली दहा वर्षं विसरली गेली.

जुने विक्रम सांगून कुणी दटावायला लागलं तर एक लक्षात ठेवा. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीग फक्त गोऱ्यांची होती. त्या काळचा थोर गोरा फलंदाज टाय कॉब याच्या सरासरीत थोर कृष्णवर्णीय पिचर सॅचेल पेजचा एकही चेंडू नाही. २०२४ मध्ये नीग्रो लीगचे (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे) आकडे अधिकृत नोंदींत मिळवले तेव्हा कारकिर्दीतली सर्वोच्च सरासरी कॉबकडून जॉश गिब्सनकडे गेली, .३७२.

राहिला पिचरचा प्रश्न, आणि पुढच्या दहा वर्षांतला खरा वाद तोच आहे. पूर्वी ३०० विजय हा दरवाजा होता. बर्ट ब्लायलेव्हनचे २८७ विजय आणि ३,७०१ स्ट्राइकआउट्स होते; तेरा विजय कमी पडले म्हणून तो चौदा वर्षं ताटकळला. एक हौशी विश्लेषक वर्षानुवर्षं त्याच्या दुबळ्या संघांचा हिशोब मांडत राहिला, तेव्हा कुठे २०११ मध्ये निवड झाली. आता पिचर पाच-सहा इनिंग्ज टाकून बाहेर पडतो, त्यामुळे तीनशे सोडा, दोनशेही दुर्मीळ. दुसरीकडे सँडी कूफॅक्स १६५ विजयांवर आत आहे, कारण १९६२ ते १९६६ मध्ये त्याच्यासारखा कुणी नव्हता, आणि कोपर गेल्यामुळे तो तिशीतच थांबला. योहान सान्ताना याच जातीचा: दोन साय यंग, १३९ विजय, मग खांदा गेला. २०१८ मध्ये त्याला २.४ टक्के मतं पडली आणि तो एका वर्षात बाद झाला. त्या मतपत्रिकेवर इतकी दादा नावं होती की दहा खुणांत त्याला जागा उरली नाही. व्हिटेकरनंतर मी दुसरं नाव घेईन ते त्याचं.

फेलिक्स हर्नांडेझ २०२५ मध्ये यादीत आला तेव्हा मतदारांनी निदान तेवढी घाई केली नाही. १६९ विजय असूनही त्याला वीस टक्क्यांवर मतं मिळाली आणि तो टिकला. क्लेटन कर्शॉ २०२५ नंतर निवृत्त झाला. त्याच्यावरून कुणी भांडणार नाही. भांडण होईल ते जेकब डीग्रॉमवरून. २०१८ मध्ये दर नऊ इनिंग्जमागे १.७० धावा देत त्याने साय यंग जिंकलं, तेव्हा त्याच्या खात्यात विजय होते फक्त दहा. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलं. मग दुखापती. २०२५ संपेपर्यंत एकूण विजय शंभरही नव्हते. मला विचाराल तर कूफॅक्स ज्या दारातून आत गेला ते दार त्याच्यासाठी उघडं ठेवायला हवं, फक्त आणखी दोन धडधाकट हंगाम मिळाले तर माझं काम सोपं होईल.